तारूनानांचं वल्हं

नगर जिल्ह्यातला माणूस समुद्र पोहून आला असं सांगितलं की लोक हसतात. हसणाऱ्याला मी एकच विचारतो, आमचं मुळा धरण तुम्ही आषाढात बघितलंय का? पश्चिमेचा वारा सुटला की लाटा भिंतीच्या दगडांवर अशा आदळतात की वर उभ्या माणसाची टोपी भिजते. त्या लाटांत दीड वर्ष ज्यांनी मला उलटंपालटं केलं ते तारूनाना. माझं शिक्षण दुसरी. तिसरीत मास्तरांनी कान पिरगाळला, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि परत गेलो नाही. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर चुकलं. पाण्याचं सांगण्यात चुकणार नाही, कारण ते मला नानांनी शिकवलंय आणि ते पाटीवरच्यासारखं पुसलं जात नाही.

लक्ष्मण तारू हे त्यांचं कागदावरचं नाव. घराणं भोयाचं. मुळेच्या काठी त्यांच्या गावाला नावेनं माणसं उतरवायचं काम त्यांच्या बापजाद्यांकडं होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, नाव गेली. सरकारनं नानांना धरणावरच नोकरी दिली. काम काय, तर भिंतीला फुटांचे आकडे रंगवलेली पट्टी होती, तिच्यावर पाणी कुठवर आलंय ते वाचायचं आणि ऑफिसात सांगायचं. रोज सकाळी सहाला, पुराच्या दिवसांत तासातासाला. नानांना अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. खिशात खडूचा तुकडा कायम असायचा. हसून सांगायचे, "माझ्या घरावर किती पानी हाय ते रोज मोजायचं आन त्याचा पगार घ्यायचा. अशी नोकरी कलेक्टरलाबी न्हाई."

गाव सोडताना नानांनी घरातून एकच वस्तू काढली, ती म्हणजे बापाचं वल्हं. सागवानी, मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. नानी मरेपर्यंत बोलायची, जातं राहिलं, पाटा राहिला, माझं रुखवताचं हंडं राहिलं, आणि हे लाकूड तेवढं खांद्यावर घेऊन निघाले. नाना ते काठीसारखं टेकत चालायचे. कुत्रं हाकलायचं तरी वल्हं, खोली मोजायची तरी वल्हं. बाजारातून बांबू आणला तर तो दोन वल्ही लांब असायचा. माणूस बुटका, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला, आणि पाण्याकडं बघताना एक डोळा मिटायचे. मी विचारलं तसं का, तर म्हणाले, दोन डोळ्यांनी बघितलं की पाणी भुलवतं.

आमची गाठ पडली ती एकाहत्तरच्या पावसाळ्यात. धरणाचे दरवाजे उघडले होते आणि खाली आमच्या गावाशी नदी दोन्ही काठ भरून चालली होती. मी तेवीस वर्षांचा, मिळेल त्या मजुरीला जाणारा, अंगात नुसती मस्ती. गड्यांनी डिवचलं की पलीकडच्या म्हसोबाला नारळ फोडून ये. नारळ कमरेला बांधला आणि टाकली उडी. पलीकडं गेलो, नारळ फोडला, तसाच परत आलो. काठावर दोनशे माणूस, शिट्ट्या काय, टोप्या उडवणं काय. मी छाती काढून वर आलो तर धरणावरून खालचं पाणी बघायला आलेला एक बुटका म्हातारा वल्हं मांडीवर घेऊन दगडावर बसलेला.

"कुठं जायचं हुतं?" त्यानं विचारलं.

"म्हसोबाला."

"आन लागलास कुठं?"

पलीकडं मी लागलो होतो मसणवटीपाशी, अर्धा मैल खाली, आणि तिथून चिखल तुडवत म्हसोबाला चालत आलो होतो.

"मग हे पोहनं न्हाई, हे वाहत जानं हाय," नाना म्हणाले. "मेलेली शेळीबी एवढं करती."

मघाशी शिट्ट्या मारणारी दोनशे माणसं आता मला हसायला लागली. रात्री भाकरी गेली नाही. सकाळी उठलो आणि म्हाताऱ्याशी भांडायला म्हणून पाच मैल चालत धरणावर गेलो. नाना पट्टी वाचत होते. माझं भांडण त्यांनी एक डोळा मिटून पुरतं ऐकून घेतलं, मग वल्ह्यानं पलीकडं दाखवलं. समोरच्या काठाला खंडोबाचं लहानसं देऊळ होतं, त्याची खालची पायरी पाण्याला टेकलेली. देवळाच्या पश्चिमेला बरीच लांब एक चिंच. म्हणाले, देवळाला लाग, मग बोल.

मी नाकासमोर देऊळ धरून निघालो. वारा पश्चिमेचा. पलीकडं पोचलो तेव्हा देऊळ कुठल्या कुठं आणि मी बाभळीच्या काट्यांत. परत आलो, पुन्हा गेलो, पुन्हा काट्यांत. तिसऱ्यांदाही तेच. हात भरून आले तेव्हा नानांनी पहिला धडा दिला. "देवळाला जायचं तर चिंचेकडं बग. राहिलेलं पानी करतं." चौथ्यांदा मी चिंचेकडं बघत पोहलो, वारा मला सरकवत राहिला, आणि हात टाकला तो बरोबर खंडोबाच्या पायरीवर पडला. साठीची सत्तरी झाली, सत्तरीची ऐंशी होत आली, तो दगड अजून माझ्या हाताला लागतो. भांडायचं राहूनच गेलं, मी धरणावरच मजुरी धरली.

आता समुद्राचं कसं निघालं ते सांगतो. धरणावर एक तरुण इंजिनिअर साहेब होते, मुंबईचे. सकाळी लाल टोपी घालून धरणात पोहायचे, हात अगदी सरळ, पाणी उडत नसे. मुंबईला दर वर्षी माघात एका बेटापासून किनाऱ्याच्या पायऱ्यांपर्यंत समुद्रातून पोहायची शर्यत लागते, हे त्यांच्याच तोंडून कळलं. त्या हिवाळ्यात एकदा भिंतीवर चहा पिताना साहेब नानांची गंमत करत म्हणाले, तुमच्या नगरकडं पोहणं म्हणजे विहिरीत सूर मारायचा आणि पायऱ्यांनी वर यायचं, तुमचा माणूस समुद्रात तासाभरात रडेल.

नानांनी समुद्र कधी बघितलेला नव्हता. तरी कप खाली ठेवून म्हणाले, "पानी म्हंजे पानी, सायेब. त्याला गाव नसतं." साहेब हसले. ते हसणं नानांना लागलं. वल्हं पुढं धरून म्हणाले, "फुडच्या माघात आमचा मानूस येईल. तुमी म्हनाल त्या पायरीला हात लावील. न्हाई लावला तर हे वल्हं तुमच्या बंबात घाला."

साहेबांचा अंघोळीचा बंब अख्ख्या वसाहतीला ठाऊक होता, त्याच्या धुरानं शेजारणी भांडायच्या. बघता बघता बातमी फिरली. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसचा शिपाई नाना दिसले की विचारायचा, नाना, लाकूड चांगलं वाळलंय ना? नाना वल्हं टेकत पुढं जायचे. आमचा माणूस म्हणजे मी, हे मात्र मला कुणी विचारलंच नाही. मी तिथंच उभा होतो, हातात कप घेऊन. पण खरं सांगतो, विचारलं असतं तरी दुसरं उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्या वल्ह्याची मूठ साहेबांच्या बंबात जळताना मला दिसायला लागली होती.

तिथून सुरू झालं. नानांचा पहिला नियम, वारा नसला तर पोहायचं नाही. "गुळगुळीत पान्यात म्हशी पोहत्यात," म्हणायचे. शांत दिवशी मला लाकडं फोडायला लावायचे. पण पश्चिमेच्या डोंगराकडून धूळ उठली, झाडांची पानं पांढरी दिसायला लागली, की नाना धावत सुटायचे. मजुरीवरून मला हाक मारून न्यायचे, मुकादमाचं तोंड सुटायच्या आत आम्ही पाण्यात.

मागोमाग यायला नाव नव्हती. सोनईकडच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाची लोखंडी काईल नानांनी मागून आणली होती, उसाचा रस आटवायची असते ती, थाळीसारखी गोल. पूर्वी लोक काइलीतून नदी उतरायचे, त्यात नवल नाही. पण धरणाच्या लाटांत आणि वाऱ्यात काईल भोवऱ्यासारखी गरगरायची. नाना मधोमध उकिडवे बसून फिरता फिरता हुकूम सोडायचे. तोंड माझ्याकडं असेल तेवढं ऐकू यायचं, पाठ झाली की वारा घेऊन जायचा. "भान्या, डावा हात..." मग एक फेरी. "...लांब टाक." पुन्हा फेरी. "...तुझ्या बाचं पानी हाय का..." पुढचं गेलं वाऱ्यावर. चूक झाली की वल्हं पाण्यावर एकदा आपटायचे, खायला द्यायचं असलं की दोनदा. मग बांबूला बांधलेल्या जाळीतून गुळाचा खडा किंवा आंबिलीचा गडू माझ्यापुढं यायचा. काइलीला हात लावायची बंदी होती. लावला की वल्ह्याचा फटका बोटांवर.

समुद्र खारट असतो एवढं त्यांना माहीत होतं. म्हणून माझ्या गालात खडेमीठ. ते विरघळेस्तोवर बाहेर यायचं नाही. पहिल्या आठवड्यात जीभ सोलून निघाली. नानी त्यांना बोलली की पोराचं लोणचं घालताय का. पण लाटेचं जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नसेल. लाटेच्या डोक्यावर दम घ्यायचा नाही, ती फुटते. ती अंगाखालून जाऊ द्यायची आणि तिच्या पाठीवर दम घ्यायचा. पहिले दोन महिने मी नुसतं पाणी प्यालो. मग एके दिवशी चैत्रातल्या वाऱ्यात ते जमलं. लाट आली, मला उचललं, मी तिच्या पाठीवरून घसरत खाली आलो आणि तोंडात निव्वळ वारा. पुन्हा उचललं, पुन्हा वारा. मी पाण्यातच ओरडलो. काइलीत नानाही ओरडत होते, वल्हं डोक्यावर धरून, आणि गरगर फिरत होते. त्या दिवशी आम्ही दोघं वेडे झालो होतो असंच कुणीही म्हटलं असतं.

सगळ्यांत वाईट होतं ते खुंटीचं पोहणं. धरणाच्या पाटाला पाणी सुटलं की नाना पाटाच्या काठाला एक खुंटी ठोकायचे. माझ्या कमरेला दोर. पाटाच्या धारेविरुद्ध पोहायचं, पण पुढं जायचं नाही आणि मागंही यायचं नाही, डोकं खुंटीच्या बरोबरीनं ठेवायचं. तासभर. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. रागानं जोर करून मी खुंटीच्या पुढं गेलो की नाना वल्हं आपटायचे. एकदा वर आल्यावर मी भडकून म्हणालो, एवढं पोहून गेलो कुठं मी? कुठंच नाही.

"न्हाई गेलास, तेच काम," नाना म्हणाले. "फुडं कुनीबी जातं. जागा धरून ऱ्हानं अवघड."

मग बहात्तरचा पावसाळा लागला आणि पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली, मीही फोडत होतो. धरणाचं पाणी पट्टीवर खाली खाली सरकत गेलं आणि काठापासून पाण्यापर्यंत चिखलाची मोठी उतरण उघडी पडली. आसपासच्या वाड्यांच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन ती चढायच्या. त्यांच्यात हौसाबाई म्हणून एक होती, तोंडाची फटकळ. मी पाण्यात दिसलो की सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, "आमच्या पियाच्या पान्यात ह्यो रेडा डुंबतोय बगा." मी उलट बोलणार, तोच नानांनी हात दाबला. ती खरं बोलत होती, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बायकांच्या पाणवठ्यापासून फर्लांगभर लांब उतरायला लागलो. आणि पोहून झालं की मी त्या चढणीनं बायकांचे हंडे वर न्यायचे, रोज चाळीस. दोन खांद्यांवर दोन. हौसाबाई वर बसून बोटांवर मोजायची. छत्तीस झाले की म्हणायची, रेडा दमला वाटतं. मी मुद्दाम पंचेचाळीस न्यायचो. महिनाभरात असं झालं की वारा सुटला की तीच वरून हाळी द्यायची, नाना, वारं आलं, रेड्याला सोडा. हंडे खाली ठेवून बायका बघत उभ्या राहायच्या. माझे खांदे कशानं भरले असं कुणी विचारलं तर मी हौसाबाईचं नाव सांगतो.

माघ आला. साहेबांनी फॉर्म भरला, डॉक्टरचा दाखला मिळवून दिला, आणि रजा घेऊन आमच्या आधी मुंबईला गेले. मी, नाना आणि वल्हं एसटीनं शर्यतीच्या आदल्या दिवशी पहाटे पोचलो. नानांनी समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. ते सरळ पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेले, एक डोळा मिटला, आणि खिशातला खडू काढून पाणी टेकलं होतं तिथं पायरीवर रेघ मारली. सवयच ती. अर्ध्या तासानं बघतात तर रेघ पाण्याखाली.

तिथं एक कोळी आपलं होडकं धूत होता. उद्या आमच्याबरोबर यायला ठरलेला नाखवा तोच. नानांनी त्याला घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, वर कुठं पाऊस झाला का?

"वर म्हंजे कुठं, आजोबा?" तो म्हणाला. "ह्याला वर नाय."

नाना जे खाली बसले ते दिवसभर उठले नाहीत. तासातासाला रेघ. मला प्रत्येक वेळी हाक. अकराला पाणी उतरायला लागलं तेव्हा तर माझा दंड धरून गदागदा हलवला. "भान्या, बग. दरवाजा न्हाई, भिंत न्हाई, आन पानी आपलं आपन चढतंय, आपलं आपन उतरतंय." साठीचा माणूस, पण जत्रेत आलेल्या पोरासारखे डोळे. चढणारं पाणी पोहणाऱ्याला उजवीकडं नेतं आणि उतरणारं डावीकडं, हे त्यांनी पाण्यावर वाहणाऱ्या केरकचऱ्यावरून हेरलं. संध्याकाळी हिशोब तयार. पाणी अकराला वळलं होतं. म्हणजे उद्या अकरापर्यंत डावीकडच्या गिरणीच्या धुराड्याला चिंच समजायचं आणि तिकडं बघत पोहायचं. अकराला चिंच सोडायची आणि पायऱ्यांवरच्या पांढऱ्या इमारतीला देऊळ समजून सरळ निघायचं.

नाखवा ऐकत होता. म्हणाला, आजोबा, उद्या अकराला नाय वळायचं, पाणी रोज पाऊण तास पुढं सरकतं, आणि मधली धार तर त्याहून मागनं वळते. नानांना ते पटलं नाही. धरणाचं पाणी आवर्तनाला घड्याळाच्या काट्यावर सुटायचं, तेच त्यांच्या डोक्यात. "मी पानी वाचायचा पगार घेतो," एवढं बोलून त्यांनी विषय तोडला. मलाही तेव्हा नानाच बरोबर वाटले. दोघंही एकाच मातीचे.

सकाळी बेटावर पोहणारे गोळा झाले. सगळ्यांनी अंगाला पांढरं काहीतरी चोपडलेलं. नानांनी मला बैलगाडीच्या आसाचं वंगण फासलं होतं, काळंकुट्ट. एकानं विचारलं, भाऊ, इंजिनातून आलात का? शिट्टी झाली आणि पडलो पाण्यात.

काय सांगू तुम्हाला. त्या पाण्यानं मला असं वर धरलं की धरणात दोन हातांत जेवढं जात नव्हतो तेवढं एका हातात. लाटा लांब, मोठ्या, पण ओळखीच्या. गालात मीठ नव्हतं आणि तोंडभर मीठ होतं. धुराड्याकडं बघत मी सपासप हात मारत होतो. शेजारी होडकं, त्यात नाखवा, शर्यतीचा एक पंच, आणि वल्हं मांडीवर घेतलेले नाना. दहाच्या सुमाराला मोजले तर पुढं फक्त दोन टोप्या होत्या.

अकरा वाजले. वल्हं आपटलं. "भान्या, चिंच सोड. देऊळ धर." मी वळलो, सरळ पांढऱ्या इमारतीकडं. वीसेक मिनिटं गेली असतील. डोकं वर काढून बघतो तर इमारत माझ्या डाव्या हाताला सरकलेली. पुन्हा तिच्याकडं वळलो. पुन्हा सरकली. उजवीकडं काळे खडक होते, त्यांच्यावर पाणी फुटून पांढरा फेस उडत होता, आणि त्यांचा आवाज मोठा होत चालला होता. मागच्या चार टोप्या धुराड्याच्या अंगानं मला मागं टाकून गेल्या.

"नाना, देऊळ पळतंय," मी ओरडलो.

पंचानं नाखव्याला सांगितलं ते मला पाण्यातून स्पष्ट ऐकू आलं. खडकांच्या खुणेच्या आत गेला की उचलायचा, शर्यत संपली. नाखवा टोचून बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसता नानांकडं बघत होता, आणि नाना पाण्याकडं, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

मग ते उभे राहिले. हलणाऱ्या होडक्यात, पंचासमोर, परक्या माणसांसमोर, वल्हं टेकून. ज्या माणसानं दीड वर्षात मला एकदा बरं म्हटलं नव्हतं आणि स्वतःचं एकदा चुकलं म्हटलं नव्हतं.

"भान्या," ते म्हणाले, "माझं चुकलं. पानी अजून वळलं न्हाई. खुंटी धर."

समोर एक तांबडा बोया, तरंगतं पिंप असतं ते, साखळीला बांधलेला होता, धारेनं उजवीकडं कललेला. नानांनी वल्ह्यानं तोच दाखवला. मी तोंड धारेकडं केलं आणि बोयाच्या बरोबरीला आलो. आता पुढं नाही, मागं नाही. इतका राग आला होता, नानांवर, पाण्यावर, पुढं गेलेल्या टोप्यांवर. जोर करून धुराड्याकडं पळावं, कसंही करून. पण त्या "माझं चुकलं"नं माझे हात बांधले गेले. तेवढं बोलायला त्या माणसाला काय पडलं असेल ते मला ठाऊक होतं. मी बोया सोडला नाही. मनात हंडे न्यायला लागलो. एक हंडा, चढण, खाली. दुसरा हंडा. वारा वाढला, लाटा तुटून तोंडावर यायला लागल्या. लाट जाऊ द्यायची, पाठीवर दम घ्यायचा. हौसाबाई वर बसून मोजतेय. छत्तीस. रेडा दमला वाटतं. सदतीस.

पंचेचाळीस हंडे झाले, पुन्हा एकपासून सुरू केले. खांद्यांत आग. आणि दुसऱ्या खेपेचा तिसावा हंडा नेत असताना बोया सरळ उभा राहिला. मी बघितलं, नानांनी बघितलं. कुणी हललं नाही. मग तो हळूच डावीकडं कलला.

"वळलं?" नानांनी नाखव्याला विचारलं. हो, विचारलं.

"वळलं, आजोबा. आता सोडा त्याला."

वल्हं असं आपटलं की पंच भिजला. खडकाच्या टोकाला एक दिव्याचा खांब होता, नाना ओरडले, आता त्याला चिंच म्हण. मी खांबाकडं बघत निघालो आणि तेच पाणी, जे तासभर मला ओढत होतं, मला पाठीवर घेऊन देवळाकडं निघालं. ते शेवटचं पोहणं मी पोहलोच नाही, मला कुणीतरी फेकलं. नाना होडक्यात ओरडत होते, नाखवा ओरडत होता, पंचसुद्धा ओरडायला लागला. हात टाकला तो दगडावर पडला. नानांची आदल्या दिवशीची सगळ्यांत वरची खडूची रेघ तिथून दोन पायऱ्या वर होती.

होडकं पुरतं टेकायच्या आत नाना कमरेएवढ्या पाण्यात उतरले.

"कुठं जायचं हुतं?"

"हितंच."

"आन लागलास कुठं?"

"हितंच, नाना."

माझ्याआधी सहा जण लागले होते. लपवत नाही. मागं किती जण उचलून घ्यावे लागले तेही सांगत नाही. साहेब पायऱ्यांवर होते. त्यांनी काळ्या वंगणासकट मला मिठी मारली आणि नानांना म्हणाले, आता मला गार पाण्यानं अंघोळ करावी लागणार. नाना हसले नाहीत. म्हणाले, "सायेब, माझं एक बोलनं माघारी घेतो. पान्याला गाव असतं." मग नाखव्याकडं वळून विचारलं, उद्या किती वाजता वळेल? आम्ही एक दिवस जास्त राहिलो. मी धर्मशाळेत झोपून होतो. नाना दिवसभर पायऱ्यांवर, खडू घेऊन. संध्याकाळी येऊन मला उठवलं, पाऊण तास बरोबर सरकलं म्हणून सांगायला.

त्याला पुष्कळ वर्षं झाल्यावरची एक सकाळ. नाना नोकरीतून कधीच उतरले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण सवयीनं सहाला धरणावर यायचे. मी कामासाठी तिकडून चाललो होतो. भिंतीवर वल्हं टेकून उभे दिसले, पट्टीकडं तोंड करून, दिसत काहीच नसताना. पायांच्या आवाजावरून ओळखलं.

"भान्या, वाच बरं किती हाय."

मी वाकून आकडा सांगितला.

"चढतंय का उतरतंय?"

मी पट्टीकडं बघितलं. श्रावण होता, वर पाऊस झालेला, म्हणालो, चढत असणार. वल्हं दगडावर एकदा आपटलं. चूक झाली की आपटायचे तसं.

"येकदा बगून सांगतोस व्हय?"

मी खाली बसलो. तेही बसले, वल्हं दोघांच्या मध्ये. माझी एसटी निघून गेली तरी आम्ही बसून होतो. वारा सुटला, त्यांनी तोंड पश्चिमेकडं केलं आणि एक डोळा मिटला. खाली पट्टीवर पाणी आकड्याच्या बोटभर वर आलं होतं.

"चढतंय, नाना," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले. "आता बरोबर."